टाळू शिवून झाली. आता दातांचा खर्च मांडा

दुभंगलेला ओठ तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात शिवतात, टाळू साधारण नवव्या ते अठराव्या महिन्यात. ही शस्त्रक्रिया मोफत होऊ शकते, हे बहुतेक पालकांना आता ठाऊक असतं. खिसा रिकामा होतो तो पुढे, सातव्या-आठव्या वर्षापासून, मूल भाकरी कुस्करून मागू लागतं तेव्हा.

घरी काय बघाल?

पेरूची फोड द्या आणि समोर बसा. पुढच्या दातांनी तुकडा तुटतो का? मूल एकाच बाजूने चावतं का? तोंड मिटल्यावर वरचे दात खालच्या दातांच्या आत जातात का? घास पाण्याबरोबर ढकलतं का? वरचा जबडा अरुंद राहणं, फटीजवळचा दात नसणं किंवा तिरका येणं ही नेहमीची कारणं. आमटी नाकातून येत असेल तर टाळूत छिद्र राहिलं असू शकतं. आधी शल्यचिकित्सकाला दाखवा.

कधी काय?

७ ते ९ वर्षं: जबडा रुंद करण्याची पट्टी, काही महिने.
८ ते ११ वर्षं: हिरडीच्या फटीत हाड भरणं. हाड बहुधा कमरेतून घेतात. सुळा उगवण्याआधी हे झालं तर तो नव्या हाडातून खाली येतो. हीच वेळ सगळ्यात जास्त चुकते.
१२-१३ नंतर: पक्क्या तारा, दीड ते तीन वर्षं.
वाढ थांबल्यावर, मुलींत साधारण १६-१७ आणि मुलांत १८ नंतर: गरज असल्यास जबड्याची शस्त्रक्रिया, मग इम्प्लांट, म्हणजे हाडात पक्का बसवलेला कृत्रिम दात.

कुठे जाल?

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मूल दाखवा. ते पुढे पाठवतात. वयाची मर्यादा १८. स्माइल ट्रेनच्या भागीदार रुग्णालयांत ओठ-टाळूची शस्त्रक्रिया मोफत होते. तिथे हाड भरणं आणि तारांची मदत मिळते का, हे वेगळं विचारा. तारांसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईतलं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय. दर खासगीपेक्षा बरेच कमी, पण रांग मोठी. म्हणून सातव्या वर्षीच नाव नोंदवा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कवच आहे. दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला गाठा, नाहीतर १५५३८८ वर फोन करा. नेमकी तुमची शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात योजनेत बसते का, ते आधीच पक्कं करा. ‘नंतर बघू’वर दाखल होऊ नका.

कागद: रेशनकार्ड, मुलाचा जन्मदाखला, मुलाचं आणि पालकांचं आधार, आधीच्या शस्त्रक्रियांची डिस्चार्ज कार्डं, जुने एक्स-रे. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. मूळ कागद कुणाकडेही ठेवू नका.

खासगीत किती?

शहरात धातूच्या तारा साधारण ३० ते ६० हजार. एक इम्प्लांट २५ ते ५० हजार. जबड्याची शस्त्रक्रिया लाखांत. आरोग्यविम्यावर विसंबू नका: बऱ्याच पॉलिसींत दिसणारं जन्मजात व्यंग आणि दातांचे उपचार वगळलेले असतात. पॉलिसीतलं वगळणुकीचं पान वाचा.

न सांगितलेले खर्च

तारांच्या आकड्यात पट्टी, एक्स-रे, स्कॅन, सुटलेला ब्रॅकेट पुन्हा बसवणं आणि तारा काढल्यावर दात जागेवर धरणारा रिटेनर धरलाय का? लेखी घ्या. रिटेनर टाळायचा नाही. टाळूच्या व्रणामुळे जबडा पुन्हा आवळतो. शस्त्रक्रियेच्या आकड्यात भूलतज्ज्ञ, औषधं, खोली आहे का, तेही विचारा. आणि फेऱ्या मोजा. महिन्याला एक म्हणजे दोन वर्षांत २४. प्रवास आणि बुडालेली रोजी मिळून फेरीला ८०० धरले, तरी १९,२०० होतात. एसटीत आईला अर्धं तिकीट, ५ ते १२ वर्षांच्या मुलालाही अर्धं. न्यायला शक्यतो आईच गेली तर तेवढे वाचतात.

या वाटेला जाऊ नका

‘फटीजवळचा वाकडा दात काढून टाकू’ असं गल्लीतल्या दवाखान्यात कुणी म्हटलं, तर थांबा. तो दात ठेवायचा की काढायचा, हे हाड भरणारे डॉक्टर आणि तारा लावणारे डॉक्टर मिळून ठरवतात. वाढत्या वयात इम्प्लांट बसवू नका. जबडा वाढतो, इम्प्लांट जागचा हलत नाही. तोवर रिकाम्या जागी काढता-घालता दात चालतो. घरपोच येणाऱ्या प्लास्टिकच्या साच्यांनी हा जबडा सुधारत नाही.

हाड भरल्यावर काही आठवडे मऊ खाणं: पेज, खिचडी, कुस्करलेलं केळं. चिक्की आणि ऊस कधी चालेल, ते डॉक्टरांकडून तारखेसकट लिहून घ्या. नाहीतर मूल रोज विचारील.