घसरत्या मोटारीचे गतिशास्त्र : ड्रिफ्टिंगचा पहिला धडा

मोटार हाकावयास शिकणाऱ्या प्रत्येकास, गाडी घसरू देऊ नये, हा उपदेश आरंभीच केला जातो. तो योग्यच आहे. परंतु मोटारीच्या क्रीडाप्रकारांत एक प्रकार असा आहे की, त्यात घसरणे हा अपघात नसून तेच साध्य असते. वळणावर मोटारीची मागची चाके हेतुपूर्वक घसरवावयाची, गाडीचे तोंड वळणाच्या आतील बाजूस व चाल मात्र तिरकी, अशा स्थितीत ती ताब्यात ठेवून वळण पार करावयाचे, यास ‘ड्रिफ्टिंग’ असे म्हणतात. नवशिक्याने त्याचा पहिला पाठ कसा घ्यावा व त्यामागे निसर्गाचे कोणते नियम आहेत, याचे विवेचन या पाठात केले आहे.

उगम

या क्रीडेचा जन्म जपानमध्ये झाला. कुनिमित्सु ताकाहाशी हे प्रथम मोटारसायकलपटू म्हणून प्रसिद्धीस आले. १९६१ साली त्यांनी पश्चिम जर्मनीतील जागतिक स्पर्धेत २५० घनसेंटिमीटरच्या वर्गात विजय मिळवला. पुढे मोटारींच्या शर्यतीत, १९७० नंतरच्या दशकात, वळणाचा मध्य येण्यापूर्वीच गाडी घसरू देऊन वेग राखण्याची त्यांची पद्धत प्रेक्षकांच्या डोळ्यांत भरली. ती पाहून केइइची त्सुचिया या तरुण चालकाने डोंगरातील नागमोडी रस्त्यांवर तिचा सराव केला व तिला लोकप्रियता मिळवून दिली. फुकुशिमा प्रांतातील एबिसु येथील मार्ग या क्रीडेचे एक प्रमुख केंद्र बनले. २००१ पासून ‘डी-१ ग्रां प्री’ ही स्पर्धामालिका जपानमध्ये रूढ झाली, आणि २०१७ मध्ये टोकियो येथे आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने प्रथमच या क्रीडेची स्पर्धा भरवली. या स्पर्धांत सर्वांआधी पोहोचणारा विजयी ठरतो असे नव्हे. गाडीचा तिरपेपणा, तिचा वेग व तिने धरलेली वाट यांवरून गुण दिले जातात.

टायरची पकड

सरळ जाणाऱ्या वस्तूस वळवावयाचे तर वळणाच्या मध्याकडे ओढणारे बल लागते. त्यास केंद्रगामी बल म्हणतात. दोरीस बांधून फिरवलेल्या दगडास हे बल दोरीतून मिळते. मोटारीस ते केवळ टायर व रस्ता यांमधील घर्षणातून मिळते. चार टायरांचे मिळून तळहाताएवढे चार तुकडेच काय ते रस्त्यास टेकलेले असतात, आणि गाडीचा सारा भरवसा त्यांवर असतो.

हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की चौपट बल लागते. घर्षण मात्र मर्यादित असते. कोरड्या डांबरी पृष्ठभागावर टायरचा घर्षणांक स्थूलमानाने ०.८ धरू, व गुळगुळीत, पाण्याने भिजवलेल्या पृष्ठभागावर ०.४ धरू. वळणाची त्रिज्या २० मीटर असल्यास, गणिताने असे दिसते की, कोरड्या जागी ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेगापर्यंत पकड टिकते, तर ओल्या जागी ताशी सुमारे ३२ किलोमीटर वेगासच ती संपते.

नवशिक्याच्या दृष्टीने या दोन आकड्यांत मोठा अर्थ भरला आहे. गतिमान वस्तूची ऊर्जाही वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. यास्तव त्याच वळणावर, ओल्या जागी पकड सुटते तेव्हा गाडीतील ऊर्जा कोरड्या जागेच्या निम्मीच असते. घसरण्याचा अनुभव तोच मिळतो, पण चूक झाल्यास धोका पुष्कळ कमी होतो. म्हणून शिक्षणसंस्था नवशिक्यास प्रथम कोरड्या मार्गावर वेगाने नेत नाहीत. एखाद्या मोकळ्या, सपाट आवारात पाणी शिंपडून त्याचा पाठ सुरू करतात.

एकाच पकडीचे दोन वाटेकरी

टायरच्या पकडीचे दोन उपयोग असतात : गाडीस पुढे ढकलणे किंवा थांबवणे हा एक, आणि वळवणे हा दुसरा. दोन्हींचा खर्च एकाच भांडारातून होतो. ही दोन बले परस्परांशी काटकोनात असल्याने त्यांस पायथागोरसचा सिद्धान्त लागू पडतो. एकूण पकड ५ एकके मानली व त्यांतील ३ एकके गाडी पुढे ढकलण्यात खर्च झाली, तर वळवण्यासाठी ४ उरतात. ४ खर्च झाली तर ३ उरतात; आणि पाचही खर्च झाली तर वळवण्यासाठी काहीच उरत नाही.

ड्रिफ्टिंगचे मर्म येथेच आहे. या क्रीडेसाठी एंजिनाची शक्ती मागच्या चाकांस मिळते अशी मोटार घेतात. वळणावर एंजिनाचा जोर एकाएकी वाढवला की मागची चाके जागच्या जागी गरगर फिरू लागतात. त्यांची पकड पुढे ढकलण्यात खर्ची पडते आणि गाडीची शेपटी वळणाबाहेर सरकते. पुढच्या चाकांची पकड मात्र शाबूत असते, व तिच्याच आधारे चालक गाडी सावरून धरतो. सारांश, ड्रिफ्ट करणारी गाडी सर्वस्वी घसरत नसते.

पहिला पाठ : वर्तुळ

ओल्या आवाराच्या मध्यभागी रबराचा एक शंकू ठेवतात व नवशिक्यास त्याभोवती पहिल्या गिअरमध्ये सावकाश फिरावयास सांगतात. मग क्लच दाबून एंजिनाचे फेरे वाढवावयाचे व क्लच झटकन सोडावयाचा. मागची चाके सुटतात व गाडीची शेपटी बाहेर जाते. येथून पुढील दोनतीन क्षणांत डोळे, हात व पाय यांनी तीन निरनिराळी कामे करावी लागतात.

डोळ्यांचे काम सर्वांत आधीचे. गाडीचे तोंड एकीकडे व चाल दुसरीकडे असल्याने नवशिका साहजिकच समोरच्या काचेतून पाहतो. त्याने जेथे जावयाचे आहे तेथे, म्हणजे पुष्कळदा बाजूच्या खिडकीतून, पाहिले पाहिजे. दृष्टी जेथे जाते तेथे हातही गाडीस नेतात.

हातांचे काम म्हणजे स्टिअरिंग वळणाच्या उलट दिशेस फिरवणे. शेपटी उजवीकडे जात असेल तर स्टिअरिंगही उजवीकडे. हे विचित्र वाटले तरी त्याचा अर्थ सरळ आहे : पुढची चाके गाडीच्या प्रत्यक्ष चालीच्या दिशेस रोखावयाची. पुढच्या चाकांची बैठकच अशी असते की, ती आपण होऊन त्या दिशेस वळू पाहतात. म्हणून अनुभवी शिक्षक स्टिअरिंग आवळून धरू नये, ते तळहातांतून सरकू द्यावे व योग्य जागी धरावे, असे सांगतात.

पायाचे काम सर्वांत नाजूक. अ‍ॅक्सिलरेटर अधिक दाबल्यास शेपटी आणखी बाहेर जाते व गाडी स्वतःभोवती गिरकी घेते. पाय एकदम उचलल्यास मागचे टायर अकस्मात पकड घेतात, पुढची चाके उलट दिशेस रोखलेली असल्याने गाडी झटक्यासरशी दुसऱ्या बाजूस फेकली जाते. या दोन टोकांमधील अरुंद पट्टीत पाय स्थिर ठेवणे, हीच खरी विद्या होय. पहिल्या दिवशी बहुतेकांच्या वाट्यास गिरक्याच येतात. गिरकी सुरू झाली की क्लच व ब्रेक दोन्ही पुरते दाबून गाडी थांबवावी, हा नियम नवशिक्याने सर्वप्रथम अंगी बाणवावा.

एका दिशेचे वर्तुळ साधल्यावर उलट दिशेचे, त्यानंतर दोन शंकूंभोवती इंग्रजी आठच्या आकड्याप्रमाणे फेरी, असा क्रम असतो. आठच्या मध्यभागी गाडीचा भार एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर जातो, व तो जाण्याचा क्षण ओळखणे हा दुसरा पाठ ठरतो.

कोठे करू नये

१९९५ पासून मोटारींत ‘स्थिरता-नियंत्रण’ नावाची विद्युत्-यंत्रणा येऊ लागली. गाडी घसरू लागताच ही यंत्रणा एखाद्याच चाकास ब्रेक लावून व एंजिनाचा जोर कमी करून तिला सावरते. ड्रिफ्टिंगच्या आवारात ती बंद ठेवावी लागते; तिचे रक्षण तेथे नसते. बंदिस्त आवार, शिरस्त्राण, आसनपट्टा व जवळ उभा शिक्षक ही त्या रक्षणाची जागा घेतात. सार्वजनिक रस्त्यावर यांपैकी बहुतेक काहीच नसते आणि चुकीची किंमत तेथून जाणाऱ्या तिऱ्हाइतास द्यावी लागते. भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम १८९ अन्वये, राज्यशासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी मोटारींची शर्यत वा वेगाची चाचणी करणे हा गुन्हा आहे. आणि बेदरकारपणे वाहन हाकणे हा त्याच कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरवला आहे.

ड्रिफ्टिंग न करणाऱ्यासही या पाठातील ज्ञान उपयोगी आहे. पावसाच्या पहिल्या सरीत रस्त्यावरील तेल व धूळ यांचा चिखल होऊन पकड घटते. त्या वेळी वेग आधीच कमी करणे आणि वळणावर एकाएकी ब्रेक वा अ‍ॅक्सिलरेटर न दाबणे, या दोन सवयी वर सांगितलेल्या भांडाराच्या हिशेबातूनच निघतात.

विद्यार्थ्यांसाठी

१. एका फळीवर जुन्या टायरच्या रबराचा तुकडा ठेवा व फळीचे एक टोक हळूहळू उचला. तुकडा घसरू लागताच फळीच्या टोकाची उंची मोजा, आणि त्या टोकाखालील जमिनीवरील बिंदूपासून फळीच्या टेकलेल्या टोकापर्यंतचे अंतर मोजा. उंचीस अंतराने भागल्यास घर्षणांक मिळतो. फळी ओली करून पुन्हा मोजा.

२. वळणाची त्रिज्या २० ऐवजी ८० मीटर असल्यास पकड सुटण्याचा वेग किती पट होईल?

३. एकूण पकड १३ एकके आहे. ब्रेक लावण्यात १२ एकके खर्च झाल्यास वळवण्यासाठी किती उरतील?