शीतगृहातील रात्रपाळी आणि ऋतुव्यत्यास

शीतजन्य विकार म्हटले की मराठवाड्यातील वैद्याच्या डोळ्यांपुढे पौष-माघ येतो. प्रस्तुत लेखकाचीही तीच समजूत होती. ऐन वैशाखात अंगावर पित्ताच्या गांधी उठतात म्हणून निलंग्यास चिकित्सालयात एक हमाल आला. उन्हाळ्याचा विकार समजून शीत उपचार योजले, गांधी वाढल्या. दुसऱ्या भेटीत व्यवसाय विचारला, तेव्हा तो लातूरकडील एका शीतगृहात रात्रपाळीस चिंचेची पोती रचतो असे कळले. माधवनिदानात शीतपित्ताचा हेतू शीत वायूचा स्पर्श हाच सांगितला आहे. चूक शास्त्राची नव्हती, न विचारलेल्या प्रश्नाची होती.

येथे शंका संभवते, की हेमंतात शीतामुळे अग्नी प्रबल होतो असे चरकाचार्य सांगतात, मग या कामगारांचा अग्नी मंद का? हेमंतात विसर्गकालाचे बल शरीरास आधीच लाभलेले असते. वैशाखात आदानकालाने ते क्षीण झालेले असते. वाग्भटाचार्यांनी ऋतुसंधीस चौदा दिवस दिले. हा मनुष्य बाहेरच्या उष्म्यातून घामाने भिजलेल्या सदऱ्यासह एका दारातून शीतात शिरतो, आणि एका रात्रीत अनेकदा. असा क्रमरहित शीतोष्णव्यत्यास चरकांनी कुष्ठहेतूंत गणला आहे.

त्यात रात्रिजागरणाचा रूक्ष गुण. पहाटे शरीराचे तापमान स्वभावतः कमी असते. थंडीने बोटांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित होऊन बोटे बधिर होतात, पकड सैल पडते. बिडीने त्या अधिकच आकसतात.

जागरणाच्या निम्मा काळ सकाळी, तोही जेवणापूर्वी झोपावे, असे वाग्भटांचे मत आहे. आपले कामगार पोटभर पिठले-भाकरी खाऊन मग आडवे होतात! तिळतेलाचा अभ्यंग कामापूर्वी तासभर करून अंग पुसावे, अन्यथा पोते हातातून निसटते. आत जाण्यापूर्वी ओला सदरा बदलावा. बधिर हात शेगडीवर धरू नयेत. भाजलेले कळत नाही.

औषधी विक्रेते बंधूंनी योगराज गुग्गुळ मागणाऱ्यास कामाचे ठिकाण अवश्य विचारावे. बोटे पांढरी, मग निळी पडणे हे लक्षण फ्रेंच वैद्य रेनो यांनी 1862 साली वर्णिले आहे. बोटांच्या टोकांस व्रण झाल्यास रुग्णालयात पाठवावे. गांधींसोबत ओठ सुजणे, श्वास लागणे किंवा थंडीत छाती दाटणे असल्यास चूर्ण देत बसू नये, तत्काळ पाठवावे.

त्या हमालास हरिद्राखंड दिले, कोरडा सदरा व हातमोजे वापरावयास सांगितले. गांधी कमी झाल्या. पूर्ण गेल्या त्या मात्र त्याने शीतगृहातील काम सोडल्यावरच.