आधी रबर, मग रुबाब

फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय 2013 साली आली, तेव्हा 1.2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 105 पीएस ताकद आणि सात गिअरचा डीएसजी हे सगळं एका छोट्या हॅचबॅकमध्ये मिळणं अप्रूपाचं होतं. पुण्यात तर ती घरचीच गाडी, कारण बनायची चाकणला. 2022 मध्ये पोलोचं भारतातलं उत्पादन थांबलं. आज रस्त्यावर दिसणाऱ्या जीटींपैकी कितीतरी दहा वर्षांच्या घरात आहेत किंवा त्यापुढे गेल्यात. इंजिन अजून मन लावून खेचतं, पण खालचं सस्पेन्शन थकलेलं असतं. हा गाडीचा दोष नाही. वय, खड्डे आणि पावसाळे यांचा हिशेब आहे. माझ्या जीटीचं सस्पेन्शनचं सगळं काम मी गॅरेजमध्ये शेजारी उभी राहून करून घेतलं. त्यातून जे कळलं ते मांडते. तुमची गाडी सिडिया असो, फिएस्टा एस असो की ऑक्टाव्हिया आरएस, यातलं बहुतेक तिलाही लागू पडेल.

1. झीज हाताच्या सवयीची होते

सस्पेन्शन एका दिवसात जात नाही. रोज थोडं झिजतं आणि आपला हातही रोज थोडा त्याच्याशी जमवून घेतो. म्हणून मालकाला आपली गाडी ठणठणीतच वाटते. शेजारी बसलेल्या पाहुण्याला मात्र लगेच जाणवतं. खुणा ठरलेल्या असतात. स्पीड ब्रेकरवरून उतरल्यावर गाडी एकदा दबून शांत व्हायला हवी. ती पुन्हा पुन्हा उसळत असेल तर शॉकअपचा दम संपलाय. ब्रेक दाबला की नाक फार खाली जातं. एक्सप्रेसवेवर पुलाच्या सांध्यावरून जाताना मागची बाजू हलकी होऊन सरकल्यासारखी वाटते. जुन्या कात्रज घाटात वळणाच्या मध्येच खड्डा आला, तर धरलेलं स्टिअरिंग पुन्हा सावरावं लागतं. टायरवरून तळहात फिरवून पाहा. रबर सलग न लागता उंचसखल, लाटालाटांनी झिजलेलं लागलं, तर चाक रस्त्यावर नाचतंय असं समजायला हरकत नाही.

बॉनेटवर जोर देऊन गाडी हलवून बघायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. तिच्यात पूर्ण गेलेला शॉकअप सापडतो, अर्धा गेलेला निसटतो. कारण हाताने आपण गाडी सावकाश दाबतो, खड्ड्यात चाक त्याच्या कितीतरी पट वेगाने वर येतं. त्यापेक्षा त्याच मॉडेलची निगा राखलेली, कमी चाललेली गाडी मिळवा आणि आपल्या रोजच्या रस्त्यावर चालवा. फरक पहिल्या स्पीड ब्रेकरलाच कळतो.

2. आवाजाचं मूळ शोधल्याशिवाय एकही पार्ट घेऊ नका

खालून आवाज आला की 'शॉकअप गेले' असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पण प्रत्येक आवाजाची जागा वेगळी. खडबडीत रस्त्यावर हळू जाताना बारीक खटखट येत असेल तर बहुधा स्टॅबिलायझर बारचे लिंक रॉड. जागेवर स्टिअरिंग फिरवताना 'टण्ण' झालं तर स्ट्रटचा वरचा माउंट किंवा त्यातलं बेअरिंग. ब्रेक मारताना किंवा सोडताना 'धप्प' होत असेल तर लोअर आर्मचा बुश. आणि गाडी उसळतेय, पण आवाज काहीच नाही, तेव्हा शॉकअपकडे बघायचं.

गाडी रॅम्पवर चढवल्यावर नुसत्या डोळ्यांनी माझा लोअर आर्मचा मागचा बुश चांगला दिसत होता. आमच्या मिस्त्रीकाकांनी टॉमी लावून आर्म थोडा रेटला, तशी रबरात नखाएवढी भेग उघडली आणि आतली धातूची नळी बाजूला सरकली. टॉमी काढल्यावर भेग मिटली, बुश पुन्हा शहाण्यासारखा दिसायला लागला. "ताई, रबर बघायचं नसतं, वाकवायचं असतं," काका म्हणाले. निदानासाठी गॅरेजने तासाभराची मजुरी मागितली तर आनंदाने द्या. एक चुकीचा पार्ट वाचला तरी ती वसूल होते.

3. पहिले पैसे टायरवर

सस्पेन्शन कितीही उंची बसवा, रस्त्याला टेकतं ते टायरच. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 1416 म्हणजे 2016 सालचा चौदावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी वयाने रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावरची पकड जाते. असे कडक टायर ठेवून नवे शॉकअप घातले, तर गाडी तरीही आदळते आणि दोष उगाच नव्या शॉकअपवर येतो.

रिम मोठी करण्याचा मोह टाळा. मोठी रिम बहुतेक वेळा जड असते. ते वजन स्प्रिंगच्या खाली पडतं आणि चाकाला वरखाली जाताना आवरणं शॉकअपला अवघड होतं. त्यात टायरची भिंत बुटकी होते आणि खड्ड्याचा पहिला मार थेट रिमवर बसतो. मूळ मापाचा चांगला टायर आणि गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा, एवढ्यानेही जुनी गाडी बरीच सुधारते.

4. रबर अर्धवट बदलू नका

पोलोच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट आहे. अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याची ही रचना 1950 साली फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांत आली आणि पुढे जगभरच्या छोट्या गाड्यांनी उचलली. तिची खुबी अशी, की शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात बसतात आणि स्टिअरिंग फिरवलं की तो खांबही फिरतो. म्हणून वरचा माउंट आणि त्याचं बेअरिंग यांच्यावर दुहेरी काम पडतं.

हा खांब एकदा खाली उतरवला की माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप आणि डस्ट बूट बदलायला वेगळी मजुरी जवळजवळ लागत नाही. तरी लोक नवा महागडा शॉकअप जुन्या माउंटवर बसवून घेतात. डस्ट बूट तर हमखास विसरतात. आपल्याकडे पावसाळ्यात चिखल उडतो, कोकणात खारी हवा असते. बूट फाटलेला असला की शॉकअपच्या गुळगुळीत दांडीवर माती बसते, गंज धरतो, तोच सील कापतो आणि तेल बाहेर येतं. स्वस्तातल्या रबरी तुकड्यामुळे हजारोंचा शॉकअप जातो.

पुढचे लोअर आर्मचे बुश, स्टॅबिलायझरचे बुश, लिंक रॉड, बॉल जॉईंट आणि मागच्या बीमचे बुश ही पूर्ण यादी एकदा तपासा. पॉलियुरेथेनचे कडक बुश मिळतात, त्यांनी स्टिअरिंग धारदार होतं हे खरं. पण रस्त्याची थरथर आत येते आणि कालांतराने कुरकुर सुरू होते. मागच्या बीमच्या बुशचा लवचिकपणा तर गाडीच्या आखणीतच धरलेला असतो. रोज चालणाऱ्या गाडीला मी मूळ प्रतीचं नवं रबरच सुचवेन. दहा वर्षांच्या रबरापुढे नवं रबर हेच मोठं अपग्रेड असतं.

5. स्प्रिंग वजन पेलते, शॉकअप हेलकावा जिरवतो

ही दोन कामं वेगळी आहेत, हे पक्कं समजलं की निम्मे घोळ मिटतात. खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि उसळी परत देते. ती उसळी जिरवायचं काम शॉकअपचं. आतलं तेल बारीक व्हॉल्व्हमधून रेटलं जातं आणि हालचालीची उष्णता होते. तेल गळालं किंवा व्हॉल्व्ह झिजले की उसळी जिरत नाही.

साध्या गाड्यांत बहुधा दोन नळ्यांचा शॉकअप असतो. सतत खराब रस्त्यावर तेल तापतं, त्यात फेस होतो आणि दम उतरतो. मोनोट्यूबमध्ये एकच नळी, आणि दाबाखालचा नायट्रोजन तरंगत्या पिस्टनने तेलापासून वेगळा ठेवलेला. त्यामुळे फेस धरत नाही, तेल लवकर थंड होतं आणि वरंध किंवा ताम्हिणीसारख्या लांब घाटात शेवटचं वळणही पहिल्यासारखंच लागतं. जर्मनीच्या बिल्स्टाईनने 1950च्या दशकात मर्सिडीझसाठी असे शॉकअप बनवले, तिथून ही पद्धत रुळली. त्यांच्या मालातला बी4 हा मूळ शॉकअपच्या जागी बसणारा, बी6 मूळ उंचीच्या स्प्रिंगबरोबर चालणारा जास्त दमाचा मोनोट्यूब, आणि बी8 आखूड दांडीचा, बुटक्या स्प्रिंगसाठी. मूळ उंचीच्या स्प्रिंगवर बी8 किंवा बुटक्या स्प्रिंगवर मूळ मापाचा शॉकअप अशी सरमिसळ नको, कारण चाकाची वरखाली जाण्याची जागाच चुकते.

मी मूळ उंचीच्या स्प्रिंगवर मोनोट्यूब घेतले आणि आपल्या रस्त्यांसाठी ती जोडी मला सर्वांत योग्य वाटते. कमी वेगाला गाडी आधीपेक्षा थोडी घट्ट लागते, वेग वाढला की मात्र रस्त्यावर बसल्यासारखी चालते. तेवढं बजेट नसेल तर मूळ प्रतीचे नवे शॉकअप घ्या. त्यात काही कमीपणा नाही. फक्त एका ॲक्सलचे दोन्ही एकदम बदला. डावा नवा आणि उजवा जुना असला तर ब्रेक मारताना गाडी दोन बाजूंनी वेगळी वागते.

6. बुटकी गाडी म्हणजे चांगली गाडी नव्हे

खाली उतरवलेली जीटी फोटोत देखणी दिसते, पण हिशेब मांडून बघा. मॅकफर्सन रचनेत गाडी खाली आली की गुरुत्वमध्य खाली येतो, मात्र लोअर आर्मचा कोन बदलल्यामुळे रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, त्याहून जास्त खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं, म्हणजे वळणात गाडीला कलवणारी तरफ लांब होते. ती भरून काढायला स्प्रिंग आणखी कडक लागते, आणि कडक स्प्रिंग खराब रस्त्यावर चाक उडवते.

शिवाय रस्ते आपले आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे स्पीड ब्रेकर 10 सेंटिमीटर उंच, 3.7 मीटर रुंद आणि गोलाकार असायला हवा. आपल्या गल्लीतले किती तसे आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. चार माणसं आणि सामान भरल्यावर बुटक्या गाडीचं पोट घासणारच. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. कंपनीच्या मूळ तपशिलात मनाने फेरफार करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019च्या निकालात स्पष्ट केलं आहे.

7. बुशचे नट चाकांवर वजन असताना आवळा

सगळ्या कामातली ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी पायरी. लोअर आर्मच्या बुशमध्ये रबर धातूला चिकटवलेलं असतं. ते घसरत नाही, पिळलं जातं. गाडी रॅम्पवर असताना चाकं लोंबकळतात आणि आर्म खाली झुकलेला असतो. त्याच अवस्थेत बोल्ट आवळला तर रबर त्या कोनात पक्कं होतं, आणि गाडी जमिनीवर येताच कायमचं पिळलेलं राहतं. नवा बुश फार लवकर फाटण्याचं हे मोठं कारण.

काकांनी बोल्ट आधी नुसते हाताने लावले. मग चाकांखाली आधार देऊन गाडीचं वजन त्यांवर घेतलं, पुढची बाजू थोडी हलवून बसू दिली आणि त्यानंतर टॉर्क रेंच हातात घेतला. रेंचचा 'टक' झाला की थांबायचं आणि पुढे ठरलेल्या अंशांत पाना फिरवायचा. असे बोल्ट ताणले जातात आणि सेल्फ-लॉकिंग नटची पकड एकदाच पूर्ण मिळते, म्हणून ते नवेच घ्यायचे. गाडी टाकण्याआधी गॅरेजला हा एकच प्रश्न विचारा: "बुश कुठल्या अवस्थेत आवळता?" उत्तरावरून गॅरेज कळेल.

8. अलाइनमेंट शेवटी, आणि पुन्हा एकदा

काम झाल्या दिवशी अलाइनमेंट हवीच, कारण टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळण्याचा कोन, बदललेला असतो. पण नवं रबर आणि माउंट बसायला काहीशे किलोमीटर जातात, त्यानंतर ती पुन्हा करा. मशीनचा आधीचा आणि नंतरचा कागद मागून घ्या. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये, म्हणजे चाकाच्या उभ्या कलात, मोठा फरक दिसला तर आर्म वाकलाय किंवा सबफ्रेम सरकलीय का हे तपासायला लावा. नुसता टो जुळवून गाडी सरळ केली तर टायर आतून खाल्ला जातो.

9. रीमॅपच्या आधी हे करा

जुनी जीटी घेतली की बहुतेकांना पहिला विचार इंजिनच्या रीमॅपचा सुचतो. टर्बो गाडीत ताकद तुलनेने सहज वाढते, म्हणून मोह मोठा. माझं म्हणणं ठाम आहे: टायर, रबर, शॉकअप, अलाइनमेंट या क्रमाने खर्च करा. एकदम झेपत नसेल तर टप्प्याटप्प्याने करा, पण क्रम मोडू नका. जीटीत एबीएस आहे, ईएसपी आहे. पण ही यंत्रणा काम करते ती चाकाच्या पकडीवर. चाकच रस्त्यावरून उडत असेल तर जगातला कुठलाही संगणक गाडी थांबवू शकत नाही. दमलेल्या सस्पेन्शनवर ताकद वाढवणं म्हणजे घाटात समोरून येणाऱ्याचाही जीव टांगणीला लावणं. जी ताकद कंपनीने दिली आहे ती पूर्ण रस्त्यावर उतरू द्या. ती उतरायला लागली की बऱ्याच जणांना रीमॅपची गरजच उरत नाही.