एआरटी चालू असताना मीठ किती खावे?

एआरटीची, म्हणजे एचआयव्हीच्या उपचाराची, गोळी रोज वेळेवर चालू आहे, तपासणीत विषाणू सापडत नाही, तरी जेवणात काही पाळावे लागते का, असे एचआयव्हीसह जगणारे अनेक जण विचारतात. माझे पहिले उत्तर असते : मीठ कमी करा.

एचआयव्ही सुरुवातीलाच आतड्यातल्या सीडी-4 या प्रतिकारपेशींवर घाला घालतो. आतड्याचे अस्तर कमजोर झाले की जंतूंचे अंश रक्तात झिरपत राहतात. म्हणून विषाणू दबल्यावरही प्रतिकारयंत्रणा पूर्ण शांत होत नाही. राखेखालच्या निखाऱ्यासारखी धुमसत राहते. या धुमसण्यामुळे, म्हणजे दाहामुळे, हृदयविकाराचा धोका वाढतो. जास्त मिठाने टी-पेशी दाह वाढवणाऱ्या टीएच-17 प्रकाराकडे वळतात, असे 2013 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या संशोधनांत दिसले. ते प्रयोग पेशींवर आणि उंदरांवर झाले होते. एचआयव्हीबाधितांमधला पुरावा अजून तोकडा आहे. पण मिठाने रक्तदाब वाढतो हे पक्के आहे, आणि आधीच धोक्यात असलेल्या हृदयावर तो भार नको.

जागतिक आरोग्य संघटनेने सांगितल्याप्रमाणे मीठ दिवसाला माणशी 5 ग्रॅमपेक्षा कमी असावे. घरचा हिशेब सोपा : चार मोठ्या माणसांत मिठाचा किलोचा पुडा किमान 50 दिवस पुरला पाहिजे. लोणचे, पापड, फरसाण, वडापाव यांतले बाहेरचे मीठ याशिवाय पोटात जाते. खर्डा कुटताना मीठ निम्मे घाला, लसूण आणि लिंबू वाढवा. इंदापूर तालुक्यात भिगवणला उजनीची ताजी मासळी मिळते. खारट सुकटीऐवजी ती घ्या.

तीन गोष्टी सांभाळा. मीठ पूर्ण तोडू नका. उन्हात ऊसतोड करणाऱ्याच्या घामातून ते जातच असते, आणि जुलाब झाले तर ओआरएस घ्यायलाच हवे. बाजारातले ‘लो सोडियम’ मीठ स्वतःच्या मनाने सुरू करू नका. त्यात पोटॅशियम असते. एआरटीतल्या टेनोफोव्हिर या औषधाने मूत्रपिंडावर परिणाम झाला असेल किंवा कोट्रायमोक्साझोल ही जंतुविरोधी गोळी चालू असेल, तर रक्तातले पोटॅशियम धोकादायक वाढू शकते. एआरटी केंद्रात गेलात की रक्तदाब मोजून घ्या आणि मूत्रपिंडासाठीची क्रिएटिनिनची तपासणी कधी करायची ते विचारा.

मिठाने विषाणू वाढत नाही आणि मीठ सोडल्याने मरत नाही. त्याला दाबून ठेवते ती गोळीच. ती एक दिवसही चुकवू नका. काही शंका असेल तर 1097 या मोफत एड्स हेल्पलाइनवर विचारा.