संगणकाचा कोठावळा

जुन्या काळी मोठ्या वाड्यात कोठावळा म्हणून एक कारभारी असे. शेतातून आलेले धान्य, गूळ, तेल हे सारे त्याच्या स्वाधीन होई आणि स्वयंपाकघरात, गोठ्यात, देवघरात ज्याला जेवढे लागेल तेवढे तो मापून देई. वाड्यावर आलेल्या पाहुण्याला त्याचे दर्शनही घडत नसे. पण त्याचे माप चुकले, की साऱ्या वाड्याची घडी विस्कटे. संगणकाच्या पेटीतही असा एक कोठावळा बसलेला असतो. बाजारात त्याला एसएमपीएस किंवा पॉवर सप्लाय म्हणतात. आपण त्याला वीजपेटी म्हणू.

अलीकडे पुष्कळ विद्यार्थी तयार संगणक विकत न घेता सुटे भाग आणून तो घरीच जोडतात. प्रोसेसर किती वेगवान असावा, पडदा किती रुंद असावा, याची चर्चा मित्रामित्रांत रात्र रात्र चालते. वीजपेटीविषयी मात्र कोणी दोन शब्दही बोलत नाही. कॅबिनेटबरोबर जी फुकट मिळेल ती घ्यावी, असा बहुतेकांचा व्यवहार असतो. हा व्यवहार केव्हा केव्हा फार महाग पडतो.

आधी विजेचा प्रवास ध्यानात घ्यावा. अकोला जिल्ह्यातील पारस येथे कोळशावर चालणारे वीजकेंद्र आहे. तेथे प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. अशा अनेक केंद्रांची वीज राज्याच्या एकाच जाळ्यात मिसळते आणि लाखाहून अधिक व्होल्टच्या दाबाने दूरवर वाहून नेली जाते. पुढे टप्प्याटप्प्याने दाब उतरत ती ११,००० व्होल्टच्या तारांनी वाशीम, रिसोड, मानोरा, कारंजा या तालुक्यांतील गावांच्या शिवारात येते. गावाजवळ रोहित्र उभे असते. आपल्याकडे लोक त्याला ‘डीपी’ म्हणतात. तेथून घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते आणि ती एका सेकंदात शंभर वेळा आपली दिशा पालटते. पंख्याला व दिव्याला अशी वीज चालते. संगणकाच्या नाजूक भागांना ती मुळीच सोसत नाही. त्यांना एकाच दिशेने वाहणारी, संथ आणि अगदी थोड्या दाबाची वीज हवी असते. कोणाला १२ व्होल्ट, कोणाला ५, तर कोणाला ३.३. प्रोसेसरचा आहार तर याहूनही हलका, अवघा एक व्होल्टच्या आसपास. तो मात्र वीजपेटी देत नाही. मदरबोर्ड १२ व्होल्टमधून तो स्वतः तयार करून घेतो.

एवढा दाब उतरवायचा, तर डीपीसारखे जडशीळ रोहित्र लागावे, असे कोणालाही वाटेल. परंतु वीजपेटी तर विटेपेक्षा फारशी मोठी नसते. हे कसे साधते? पेटीत शिरलेली वीज प्रथम एकाच दिशेने वळवली जाते. त्या वेळी तिचा दाब सुमारे ३२५ व्होल्ट होतो. मग एक इलेक्ट्रॉनिक कळ तिला सेकंदात हजारो वेळा, बहुधा पन्नास हजारांहूनही अधिक वेळा, चालू-बंद करते. विजेची ही उघडझाप जितकी जलद, तितके लहान रोहित्र पुरते. म्हणून मुठीत मावेल एवढ्या रोहित्रावर सारे काम भागते. ३२५ व्होल्टची वीज मात्र आतल्या धारित्रांत साठलेली असते आणि पिन काढून ठेवल्यावरही ती काही काळ तशीच राहते. यास्तव वीजपेटीचे झाकण कधीही उघडू नये. संगणकाचे बाकीचे सर्व भाग जिज्ञासूने खुशाल जवळून पाहावेत. ही एक पेटी सोडावी.

आता निवडीकडे वळू. समजा, पैनगंगेच्या काठी रिसोड तालुक्यात राहणाऱ्या एका शेतकऱ्याच्या मुलीला अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी संगणक जोडायचा आहे. सोयाबीनचे पैसे नुकतेच हाती आले आहेत. त्यांतूनच हरभऱ्याचे बियाणे घ्यायचे, धाकट्या भावाची फी भरायची आणि उरतील तेवढ्यात संगणक बसवायचा. बापलेक वाशीमच्या बाजारात येतात. दुकानदार म्हणतो, “ताई, या कॅबिनेटसोबत ४५० वॅटची पेटी फुकट आहे. वेगळी कशाला घेता?”

वडिलांनाही ते पटते. “फुकट मिळते आहे तर घे की, पोरी. तेवढेच पैसे वाचतील.”

मुलीने घरूनच वहीत हिशेब मांडून आणला आहे. प्रोसेसर भर कामात असताना ९० वॅट घेईल, चित्रे रंगवणारे ग्राफिक्स कार्ड १२० वॅट आणि मदरबोर्ड, स्मृती, डिस्क व पंखे मिळून ६० वॅट. बेरीज झाली २७०. पेटी सतत काठोकाठ राबवू नये, म्हणून तिच्यावर निम्म्याने वाढ धरली, तर ४०० च्या थोडे पुढे जाते. म्हणजे ४५० वॅटची पेटी पुरेशी आहे. आणि दुकानदार तर तेवढीच फुकट देतो आहे. मग अडचण काय?

अडचण पेटीच्या अंगावरील चिठ्ठीत असते. प्रत्येक वीजपेटीवर एक तक्ता छापलेला असतो. त्यात ३.३, ५ आणि १२ व्होल्टचे निरनिराळे रकाने असतात आणि कोणत्या दाबाने किती अँपिअर प्रवाह मिळेल, ते प्रत्येकाखाली लिहिलेले असते. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॅट मिळतात. मुलगी बोट ठेवून दाखवते. फुकटच्या पेटीत १२ व्होल्टच्या रकान्याखाली १६ हा आकडा आहे.

“बाबा, सोळा गुणिले बारा किती?”

“एकशे ब्याण्णव.”

“आणि नुसते प्रोसेसर नि कार्ड मिळूनच दोनशे दहा वॅट मागतात. तेही सारे याच रकान्यातून.”

मोठ्या अक्षरांत छापलेले ४५० मग गेले कोठे? ते ५ व ३.३ व्होल्टच्या रकान्यांत कोंबलेले असते. फार पूर्वीच्या संगणकांत या दोन रकान्यांवर मोठा भार असे. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पहिला वैयक्तिक संगणक काढला, तेव्हा त्याची सगळी वीजपेटीच ६३.५ वॅटची होती! आज जवळजवळ सारा भार १२ व्होल्टवर येतो, आणि म्हणून पेटी पारखायची ती त्या एका रकान्यावरून. दुकानातील दुसऱ्या ४५० वॅटच्या पेटीवर त्याच रकान्याखाली ३६ अँपिअर लिहिलेले आहेत. ते ४३२ वॅट झाले. दोन्ही पेट्यांवरचा मोठा आकडा एकच. परंतु माप निम्म्याहूनही कमी. कित्येक लोक पेटी हातात तोलून, ‘जड आहे, म्हणजे चांगली असेल’ असा निर्वाळा देतात. त्या वजनकाट्यावर फार विसंबू नये; तक्ता वाचावा.

अपुरी पेटी पहिल्याच दिवशी बंद पडते असेही नाही. ती काही दिवस चालते, तापते आणि नेमकी मोठ्या कामाच्या वेळी संगणकाला मध्येच बंद पाडते. त्याहून वाईट म्हणजे, स्वस्तातल्या काही पेट्यांत संरक्षणाची योजनाच तोकडी असते. चांगली पेटी दाब वाढला, तारा एकमेकींना टेकल्या किंवा उष्णता फार झाली, तर स्वतःच काम थांबवते. वाईट पेटी बिघडताना भलताच दाब पुढे सोडू शकते आणि मग मदरबोर्ड व डिस्क तिच्याबरोबर जातात.

दुसरी पेटी अर्थातच फुकट नाही, आणि पैसे तर मोजकेच आहेत. यावर मुलीने काढलेला तोडगा शहाणपणाचा आहे. ती चांगली पेटी घेते आणि ग्राफिक्स कार्ड पुढल्या हंगामावर ढकलते. तिच्या प्रोसेसरमध्येच साधी चित्रे दाखवण्याची सोय आहे, त्यामुळे अभ्यास अडत नाही. कार्ड मागाहून केव्हाही खोचता येते. अपुरी पेटी मात्र त्या वेळी बदलावीच लागली असती. पेटी बसवण्याचीही चिंता नाही, कारण १९९५ साली ठरलेल्या एटीएक्स नावाच्या मापामुळे कोणत्याही कंपनीची तशी पेटी तशा कॅबिनेटमध्ये चपखल बसते. पेटीवर भारतीय मानक ब्यूरोची खूण आहे की नाही, हेही ती पाहून घेते.

काही पेट्यांवर ‘८० प्लस’ असे चिन्ह असते. ही परीक्षा २००४ पासून सुरू झाली. आत घेतलेल्या विजेपैकी निदान ऐंशी टक्के वीज कामी येते, असा तिचा अर्थ. संगणकाला २०० वॅट हवे असतील, तर अशी पेटी फार तर २५० वॅट ओढते. उरलेल्या पन्नास वॅटची उष्णता होते. चिन्ह नसलेली पेटी किती वाया घालवील, याचा भरवसा नाही.

इथवरचा विचार मुंबई-पुण्याच्या मुलांनाही लागू आहे. वाशीमच्या खेड्यातील मुलांना मात्र आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे घरी येणारी वीज. रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी देण्यासाठी विहिरींवरील मोटारी एकदम सुरू होतात, आणि गाव व मोटारी एकाच तारेवर असल्या, तर डीपीपासून लांबच्या घरांत दाब पुष्कळ उतरतो. दिवे मिणमिणतात. संगणकाची भूक तर तेवढीच असते. मग दाब कमी झाला, की वीजपेटी अधिक प्रवाह ओढून ती भरून काढते. २३० व्होल्टवर एक अँपिअर घेणारी पेटी १६० व्होल्टवर जवळजवळ दीड अँपिअर घेते आणि तितकीच अधिक तापते. म्हणून अशा गावी १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालणारी पेटी निवडावी. हा आकडाही त्याच चिठ्ठीवर असतो.

वऱ्हाडात वीज जात नाही, ‘लाइन जाते’. ती गेली, तर उत्तम पेटीतील साठाही सेकंदाच्या सुमारे साठाव्या भागापुरताच टिकतो. तेवढ्या वेळात यूपीएसने भार उचलला, तर संगणकाला काही कळतही नाही. मात्र यूपीएसवरील ६०० हा आकडा व्हीएचा असतो. वॅट बहुधा ३६० च्या आसपास मिळतात. विजा कडाडू लागल्या, तर यूपीएसच्याही भरवशावर राहू नये. पिन काढून ठेवावी.

आणि शेवटी तिसऱ्या पिनची गोष्ट. कित्येक घरांत संगणकाच्या पत्र्याला हात लागला, की बोटांना मुंग्या येतात. मुलांना त्याची गंमत वाटते. वीजपेटीच्या तोंडाशी विजेतील खरखर गाळणारी एक योजना असते. ती थोडासा प्रवाह पत्र्यामार्फत जमिनीत सोडते. भूमितार जोडलेली नसेल, तर त्या प्रवाहाला वाट मिळत नाही आणि तो हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो. तो स्वतः अगदी क्षीण असतो. पण भूमितार नाही, ही बातमी तो देतो. पुढे खराच बिघाड झाला, तर त्या घरात रक्षण करणारे काही नाही.

काही घरी भूमितार असूनही उन्हाळ्यात मुंग्या येतात. कोळसा व मीठ घालून पुरलेली पट्टी जागेवर असते, परंतु वैशाखात काळी जमीन वाळते, भेगाळते, आणि कोरड्या मातीतून वीज नीट जात नाही. रिसोडच्या त्या घरी वायरमनने नवी भूमितार घातली, तेव्हा खड्ड्यात एक नळीही उभी पुरून ठेवली. एप्रिल-मे महिन्यांत आठवड्यातून एकदा त्या नळीत बादलीभर पाणी ओतण्याचे काम धाकट्या भावाकडे आहे.