नवरीचा रंग तिचाच राहू दे

अगं, हळदीचे फोटो पिवळे आले म्हणून एवढी हिरमुसू नकोस. मांडवाला पिवळं कापड, अंगाला हळद, वर बायकांच्या शहापुरी साड्या. दुसरं काय दिसणार? रॉमध्ये काढलेस हे फार बरं केलंस बघ. जेपेगमध्ये कॅमेरा रंग स्वतःच ठरवून मोकळा होतो आणि दर रंगाच्या २५६ पायऱ्याच ठेवतो. तुझ्या चौदा बिटांच्या रॉमध्ये १६,३८४ असतात. त्यामुळे व्हाइट बॅलन्सची पट्टी जरा निळ्याकडे ओढलीस की साडीचे काठ वेगळे दिसायला लागतील.

आणि बिनधास्त ओढ. लाइटरूम असो की फुकटात मिळणारं डार्कटेबल, मूळ फाइलीतला एक कणही हलत नाही. उजेड एवढा वाढव, कड इथून काप, असं नुसतं टिपण लिहिलं जातं आणि पडद्यावरचा फोटो त्यावरून उभा राहतो. गिऱ्हाइकाला जाते ती एक्स्पोर्ट केलेली वेगळी जेपेग.

म्हणजे तुझी सगळी मेहनत त्या टिपणात असते, हे ध्यानात ठेव. लाइटरूम ते कॅटलॉगमध्ये ठेवतं. बंद करताना बॅकअप घेऊ का असं विचारतं, तो बॅकअप फक्त कॅटलॉगचा असतो, फोटोंचा नव्हे! फोटो तू वेगळे दुसऱ्या डिस्कवर ठेव. बदल एक्सएमपी फाइलीत आपोआप लिहायची सोयही सेटिंगमध्ये चालू कर. फोल्डर हलवायचं तर लाइटरूममधूनच हलव, बाहेरून ओढलंस तर त्याला फोटो सापडत नाहीत.

आता मनातलं सांगते. नवरी गोरी करा, असं घरातलं कोणी ना कोणी म्हणणारच. माझं ऐकशील तर करू नकोस. अगदीच गळ घातली तर व्हर्च्युअल कॉपी काढून तिच्यावर कर आणि खऱ्या रंगाचं काम तसंच राहू दे. ही कॉपी एक्सएमपीत जात नाही, कॅटलॉगमध्येच राहते. पुढे कधी ती पोरगी स्वतः येऊन माझा रंग मला दे म्हणाली, तर तुझ्याकडे तो असला पाहिजे.

रॉ सगळंच सावरतं असं मात्र नाही. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत जाऊन बघ की. १२०४ च्या सुमाराचं ते जैन मंदिर, आत कमळाच्या छताखाली गडद सावली आणि दारात कडक ऊन. तिथे एक्स्पोजर उन्हाला सांभाळून घे. सावली नंतर उजळता येते, थोडे दाणे दिसतील एवढंच. पांढरंफटक झालेल्या जागी सेन्सरने काही नोंदलेलंच नसतं, तिथे कुठलीही पट्टी चालत नाही.

कार्ड इतक्यात पुसू नकोस. दोन्ही डिस्कवरचे फोटो उघडून बघ, मगच पूस. लग्नघरच्या निपाणीच्या मंडळींना आधी थोडे निवडून दाखव. बाकीचे रविवारी दोघी बसून करू.