कलावंताचा व्यापार : शिवोलीचे रेमो फर्नांडिस

व्यापारी संघाच्या स्मरणिकेत गायकाची हकीकत कशाला, असा प्रश्न पेडणे-डिचोलीकडील आमच्या व्यापारी बंधूंस पडणे साहजिक आहे. आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी. संगीतातील आम्हांस फारसे कळत नाही. परंतु माल निर्माण करणारा आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये किती हात असावेत हा प्रश्न आमच्या नित्याच्या परिचयाचा आहे, आणि त्याचा एक अभ्यासनीय दाखला पेडण्याच्या समोरच्या तीरावर, शिवोलीस, सापडतो.

रेमो फर्नांडिस यांचा जन्म १९५३ चा. मुंबईच्या जे. जे. संस्थेत त्यांनी वास्तुविद्येचे शिक्षण घेतले. पुढे मात्र ओढ गाण्याची. १९८४ साली त्यांनी ‘गोवन क्रेझी’ ही ध्वनिफीत काढली ती राहत्या घरी. चार स्वतंत्र पट्ट्यांवर आवाज घेणारे एक लहान कॅसेट-यंत्र हीच त्यांची गिरणी. एका पट्टीवर एक वाद्य भरावयाचे, ते ऐकत पुढील पट्टीवर दुसरे. अशा रीतीने एकच मनुष्य अख्खा ताफा होतो. शब्द, चाल, वाद्ये, गळा, मिश्रण, वेष्टनावरील चित्र, सर्व त्यांचेच. तयार माल आपल्या पिवळ्या स्कूटरवर घालून त्यांनी तो गोवाभर स्वतः पोहोचविला.

व्यापारी दृष्टीने पाहता यात मजुरी घरची, दलाली शून्य. शिवाय दुकानदार काय म्हणतो ते उत्पादकाच्या कानी थेट पडते. आमच्याकडे शेतकऱ्यास आपल्या तांदळाविषयी गिऱ्हाइकाचे मत क्वचितच कळते. ते आमच्या गादीवरच थांबते. आम्हां मध्यस्थांस हे थोडे बोचेल, पण खरे आहे.

तथापि स्कूटरची धाव पत्रादेवीच्या नाक्यापर्यंतच. ‘पॅक दॅट स्मॅक’ (१९८६) व ‘बॉम्बे सिटी’ (१९८७) या फिती सीबीएस कंपनीमार्फत देशभर गेल्या. साठा, वाहतूक, उधारी आणि वसुली यांचे ओझे उचलणारा कोणी तरी लागतोच, आणि त्याचा मोबदला त्यास मिळालाच पाहिजे. २००७ साली रेमो यांस पद्मश्री मिळाली.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. धान्याचे पोते विकले की आपला हक्क संपला. गीताचे तसे नाही. फीत विकली तरी रचनेचा हक्क रचनाकाराकडे राहू शकतो, मात्र करारावर सही करताना तो राखला असेल तर. चित्रपटगीतांचे कित्येक रचनाकार तो एकरकमी देऊन बसत. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात त्यांच्या मानधनातील वाट्यास संरक्षण मिळाले. घरी फीत काढणाऱ्या शिवोलीकरास मात्र आपल्या मालाचा हक्क कोणाकडून परत मागावा लागला नव्हता.